लेकाच्या घोट्यातलं वाढतं हाड

माझ्या मुलाच्या उजव्या घोट्यात ट्रेव्हर्स डिसीज नावाचा, हाडाच्या वाढीचा एक दुर्मिळ विकार आहे. ऑपरेशन होऊन बरेच महिने झाले, तो पळतो, सायकल चालवतो. तरीही मी 'आहे' असंच लिहिते, कारण त्याची उंची वाढायची थांबेपर्यंत हा विषय मिटला असं डॉक्टर म्हणणार नाहीत. दहा लाखांत एखाद्याला होणारा आजार. निदान झालं त्या रात्री मराठीत काही वाचायला मिळतंय का म्हणून मी शोधत बसले होते आणि हाती काही लागलं नाही. म्हणून सगळं जसं घडलं तसं लिहून ठेवते आहे. आम्ही ठाण्यात राहतो, त्यामुळे रस्ते, रांगा आणि खर्च इथले आहेत.

जून २०२३. लेक पहिलीत गेला. गोखले रोडवरून शाळेचे नवे बूट आणले आणि आठवड्याभरात तो म्हणायला लागला, "आई, उजवा बूट टोचतो." आतल्या बाजूच्या घोट्याखाली एक टणक उंचवटा हाताला लागला. लाली नाही, सूज म्हणावी तशी मऊ नाही, दाबलं तर दुखत नाही. डाव्या पायाला तसं काही नव्हतं. घराजवळच्या डॉक्टरांनी मुरगळल्याचं निदान करून क्रेप बँडेज दिलं. मुलं धडपडतातच, त्यामुळे आम्हालाही ते पटलं. पावसाळा गेला, गाठ मात्र तिथेच होती. दिवाळीच्या सुट्टीत लक्षात आलं की सकाळी हा बरा चालतो आणि संध्याकाळी खेळून आला की उजवा पाय जपत, किंचित लंगडत येतो.

मग ठाण्यातल्याच एका हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. एक्स-रे काढला. त्यांनी तो उजेडावर धरला आणि म्हणाले, "हाडाला गाठ आहे. ट्यूमरसारखं दिसतंय. मुंबईला मोठ्या ठिकाणी दाखवा." आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मी आणि नवरा जिना उतरून खाली आलो, तेव्हा आम्हाला दोघांनाही बोलता येत नव्हतं. लेक आमच्याकडे आळीपाळीने बघत होता. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना एवढंच सांगते: हाडातली प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. मुलांच्या हाडात दिसणाऱ्या गाठींपैकी कितीतरी निव्वळ वाढीतल्या गडबडी असतात. पण ते सांगणारा माणूस भेटेपर्यंतचे दिवस फार जड जातात.

तो माणूस आम्हाला परळमधल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात भेटला. मुलांच्या हाडांच्या तज्ज्ञ डॉक्टर, म्हणजे पीडियाट्रिक ऑर्थोपेडिक सर्जन. मोठ्यांची हाडं बघणारे डॉक्टर वेगळे आणि वाढत्या वयाची हाडं बघणारे वेगळे, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. अपॉइंटमेंट मिळायला तीन आठवडे लागले. त्या दिवशी ठाण्याहून सकाळी लवकरची स्लो लोकल पकडली. फास्टने दादरला उतरून मागे-पुढे करण्यापेक्षा लहान मूल बरोबर असेल तर परळपर्यंत थेट स्लोने गेलेलं बरं. केसपेपर, वजन, उंची, मग पुन्हा रांग. नंबर लागायला दुपार झाली. डबा, पाण्याची बाटली आणि चित्रं रंगवायची वही नेली होती म्हणून निभावलं.

डॉक्टर मॅडमनी एक्स-रे बाजूला ठेवला आणि आधी त्याच्याशी बोलल्या. "बाळा, बूट-मोजे काढून त्या दारापर्यंत चालून दाखव." त्याच्या मागे उभं राहून त्यांनी टाचा बघितल्या. उकिडवं बसायला सांगितलं. उजवी टाच जमिनीला नीट टेकत नव्हती. मग नवे एक्स-रे लिहून दिले: दोन्ही घोट्यांचे, उभं राहून, समोरून आणि बाजूने. शिवाय उजव्या पायाचा गुडघा आणि खुब्यापर्यंतचा फोटो. आधीचा एक्स-रे झोपवून, एकाच पायाचा काढलेला होता. दुसऱ्या पायाशी ताडून बघितल्याशिवाय आणि पायावर भार असल्याशिवाय घोट्याचा तिरकेपणा कळत नाही, असं त्यांनी समजावलं. तुमच्याही मुलाच्या बाबतीत कोणी एकाच बाजूचा एक्स-रे सांगितला, तर दुसरी बाजूही घ्यायची का हे तिथल्या तिथे विचारा. एक फेरी आणि एक्स-रेचे पैसे वाचतात.

नवे फोटो बघून मॅडम म्हणाल्या, "मला वाटतं हा ट्रेव्हर्स आहे." आणि कागदावर चित्र काढलं. मला समजलं ते असं. लहान मुलांच्या हाडाचं टोक सुरुवातीला कूर्चेचं, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचीक असतं आणि वयाबरोबर त्याचं हाड होत जातं. टोकाच्या मागे ग्रोथ प्लेट असते, तिथून हाड लांबीला वाढतं. या विकारात टोकाचा फक्त अर्धा भाग, आतला किंवा बाहेरचा, प्रमाणाबाहेर वाढतो. बहुतेक वेळा आतलाच. पायात जास्त दिसतो: घोट्यातलं टॅलस नावाचं हाड, नडगीचं खालचं टोक, गुडघ्याजवळचं मांडीचं हाड. मुलींपेक्षा मुलग्यांत साधारण तिप्पट. एकाच पायात एकापेक्षा जास्त ठिकाणी असू शकतो, म्हणून खुब्यापर्यंतचे फोटो. आमच्याकडे टॅलस आणि नडगीचं टोक, दोन्हींच्या आतल्या बाजूला निघालं. गुडघा आणि खुबा स्वच्छ.

मूशे आणि बेलो या फ्रेंच डॉक्टरांनी १९२६ मध्ये या विकाराचं वर्णन केलं, १९५० मध्ये ट्रेव्हर यांनी त्यावर लिहिलं म्हणून त्यांचं नाव चिकटलं, आणि १९५६ मध्ये फेअरबँक यांनी त्याला डिस्प्लेसिया एपिफिसियालिस हेमिमेलिका हे लांबलचक नाव दिलं. फाइलवर हेच नाव असतं. रिपोर्टमध्ये कधी डी.ई.एच. अशी तीनच अक्षरं दिसतात, तर घाबरू नका, आजार तोच.

मी एकच प्रश्न धरून बसले होते. मॅडमनी तो ओळखला. "हा कॅन्सर नाही आणि याचा कॅन्सर होत नाही. त्रास होईल तो सांध्याला होईल. आपण सांधा सांभाळायचा आहे." परतीच्या लोकलमध्ये मी ठाणे येईपर्यंत रडत होते, पण ते रडणं वेगळं होतं.

एमआरआय डिसेंबर २०२३ मध्ये झाला. कूर्चेचा भाग एक्स-रेवर दिसत नाही, एमआरआयवर दिसतो, म्हणून तो हवाच. सहा-सात वर्षांचं मूल इतका वेळ मशीनमध्ये निश्चल पडून राहत नाही, त्यामुळे झोपेचं औषध देऊन केला. दूध आणि खाणं सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालेल असं भूल देणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. शक्यतो सकाळचा पहिला नंबर मागून घ्या. उपाशी मुलाला दुपारपर्यंत थोपवणं अवघड जातं. भुलीसकट साधारण दहा हजार रुपये लागले. सीडी मागून घ्या आणि घरी नेऊन लगेच उघडते का ते बघा. मोबाइलवर काढलेले फोटो दुसऱ्या डॉक्टरांच्या उपयोगाचे नसतात.

घरात मात्र वेगळंच सुरू झालं. सासूबाईंना झोप लागेना. सातव्या महिन्यात मी जिन्यावरून घसरले होते ते त्यांनी काढलं. कोणी ग्रहणाचं विचारलं, कोणी "तुमच्या माहेरी कोणाला हाडाचं काही आहे का?" असं. एका नातेवाइकांनी चांगल्या मनाने एका हाडवैद्याचा पत्ता आणून दिला, तेल लावून चोळलं की हाड बसतं म्हणे. मी वरवर शांत होते, आतून मात्र तोच विचार कुरतडत होता की माझ्याकडून काय झालं. पुढच्या भेटीला सासूबाईंना बरोबर नेलं. मॅडमनी त्यांना शेजारी बसवून सांगितलं, "आजी, हे आईबापांकडून येत नाही. पडण्याने, खाण्यापिण्याने, ग्रहणाने होत नाही. आणि चोळून तर मुळीच जात नाही, उलट दुखेल." सासूबाईंनी माझा हात धरला. त्यानंतर घरात हा विषय कोणी काढला नाही. ज्या आया हे वाचत असतील त्यांना मी मुद्दाम सांगते की तुमच्या कुठल्याही कृतीने हे झालेलं नाही, आणि जमलं तर घरातल्या मोठ्या माणसाला एकदा तरी डॉक्टरांसमोर बसवाच. तुम्ही शंभरदा सांगून जे पटत नाही ते तिथे पटतं.

मला वाटलं होतं आता ऑपरेशनची तारीख मिळेल. मिळाली ती थांबण्याची सूचना. जवळजवळ सव्वा वर्ष आम्ही थांबलो आणि या सगळ्या प्रवासात मला सर्वांत कठीण गेलं ते हेच. कारण विचारलं तर मॅडमनी एमआरआय उघडून दाखवला. जास्तीचं हाड सांध्याच्या आत होतं, त्याचा काही भाग अजून कूर्चाच होता आणि तो सांध्याच्या खऱ्या पृष्ठभागात मिसळलेला होता. निरोगी कूर्चा कुठे संपते आणि जास्तीची कुठे सुरू होते याची रेघ लहान वयात स्पष्ट नसते. घाईने कापायला गेलं तर चांगला सांधा खरवडला जातो आणि पुढे संधिवातासारखा त्रास उभा राहतो. शिवाय वाढ चालू असताना काढलेलं पुन्हा वाढू शकतं. दुखत नसेल, टाच तिरकी होत नसेल, सांधा अडकत नसेल, तर नुसतं लक्ष ठेवणं हाच उपचार. नवऱ्याने एका दुसऱ्या तज्ज्ञांचं मत घेतलं. त्यांनी लवकर काढून टाकावं असं सुचवलं. आजार इतका विरळा आहे की दोन चांगल्या डॉक्टरांची मतं वेगळी असू शकतात, आणि दोघंही चुकीचे नसतात. आम्ही दुसरं मत मॅडमसमोर ठेवलं. त्या जराही रागावल्या नाहीत. कोणती लक्षणं दिसली तर थांबणं सोडायचं, ते त्यांनी आमच्या फाइलवर लिहून दिलं. त्या कागदाने आम्हाला धीर दिला.

या काळात दर सहा महिन्यांनी उभं राहून एक्स-रे. दर वेळी एक्स-रे आणि तपासणी मिळून हजार-दीड हजार. बुटाच्या आत घालायचा सोल मापाने बनवून घेतला, त्याचे तीन हजार. बूट अर्धा नंबर मोठा आणि घोट्याची कड मऊ असलेला. शाळेला डॉक्टरांचं पत्र दिलं: उड्या आणि लांब पळणं नको, बाकी सगळं करू द्या. वर्गशिक्षिकांनी त्याला खो-खोचे गुण लिहायला बसवलं, म्हणजे तो मैदानावरच राहिला. आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करायचे: लंगडला की एक टिंब, रात्री दुखून उठला की फुली. डॉक्टरांना "हल्ली जास्त दुखतं" सांगण्यापेक्षा ही पानं दाखवली की त्यांनाही अंदाज येतो.

डिसेंबर २०२४ पासून फुल्या वाढल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका सकाळी पलंगावरून उतरताना त्याचा घोटा अडकला. पाय वरही होईना, खालीही होईना. काही मिनिटांनी आपोआप सुटला, पण तो फार घाबरला. एक्स-रेमध्ये टाचेचा बाहेरच्या बाजूला झुकावही वाढलेला दिसला. फाइलवरच्या कागदातली लक्षणं समोर आली होती. वार्षिक परीक्षा झाली की एप्रिलमध्ये ऑपरेशन करायचं ठरलं. त्याआधी एक सीटी स्कॅन, नेमकं किती आणि कुठून काढायचं याचा आराखडा करायला.

आता विम्याचं. आमच्याकडे फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या कुटुंबाचा मिळून एकच, मेडिक्लेम आहे. रुग्णालयात विम्याचं काम बघणाऱ्या टीपीए डेस्कने विमा कंपनीकडे पूर्वपरवानगीचा अर्ज पाठवला. २०२४ च्या विमा नियामकाच्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसचा, म्हणजे विमा कंपनीने रुग्णालयाला थेट पैसे देण्याचा, निर्णय एका तासात द्यायचा असतो. आम्हाला उत्तर वेळेत आलं, पण प्रश्नाच्या रूपात: हा विकार जन्मजात आहे का, असल्यास बाह्य की अंतर्गत? हा प्रश्न महत्त्वाचा आहे. विम्याच्या व्याख्येत शरीराच्या दिसणाऱ्या भागातला जन्मजात दोष बाह्य आणि न दिसणारा अंतर्गत. बाह्य दोष अनेक पॉलिसींमध्ये वगळलेले असतात. मॅडमनी पत्र दिलं की हा वाढीच्या काळात दिसू लागणारा विकार आहे, तो सांध्याच्या आत आहे, जन्माच्या वेळी पाय नॉर्मल होता, आणि शस्त्रक्रिया दिसण्यासाठी नसून सांधा अडकतो म्हणून आहे. जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड मी जपून ठेवलं होतं, त्यात दोन्ही पाय नॉर्मल लिहिलेलं होतं. ते जोडलं. तरी कॅशलेस नाकारलंच, "कागदपत्रं नंतर तपासू" म्हणून. पैसे भरून नंतर परतावा मागायचं ठरवलं. तुम्ही हे पत्र अर्जाबरोबरच जोडा, प्रश्न येण्याची वाट बघू नका.

विमा नसेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी योजनेच्या प्रतिनिधीला, भेटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता सगळ्या रेशनकार्डधारकांना कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पांढरं कार्ड असलं तरी. रुग्णालय योजनेत आहे का आणि ही शस्त्रक्रिया त्यांच्या यादीत कोणत्या नावाखाली बसते, ही चौकशी तारीख ठरण्याआधी करा. मुलाचं नाव रेशनकार्डावर चढलेलं आहे ना, तेही पाहा. ट्रस्टच्या रुग्णालयात सोशल वर्करही असतात, त्यांच्याशी बोलायला संकोच करू नका.

आदल्या दिवशी भरती झालो. सेमी-प्रायव्हेट खोली. सकाळी त्याला न्यायला आले तेव्हा त्याने विचारलं, "माझं हाड काढून मला देणार का?" मॅडम म्हणाल्या, "थोडं तपासायला पाठवू, पण फोटो नक्की देईन." दोन तासांहून जास्त वेळ लागला. बाहेर नवरा येरझाऱ्या घालत होता आणि मी नुसती दाराकडे बघत होते. मॅडम बाहेर आल्या तेव्हा टोपीच्या खाली त्यांचा चेहरा दमलेला पण मोकळा होता. सांध्याला अडवणारा भाग निघाला होता. जो सांध्याच्या पृष्ठभागाशी एकजीव होता तो मुद्दाम ठेवला होता. सगळं काढण्याचा हट्ट धरायचा नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. फोटोही मिळाला. लेकाने तो मित्रांना दाखवण्यासाठी वहीत चिकटवला आहे.

आठवड्याने बायोप्सीचा रिपोर्ट आला, त्यावर ऑस्टिओकॉन्ड्रोमा असं लिहिलेलं. मी पुन्हा हादरले. मॅडमनी समजावलं की ऑस्टिओकॉन्ड्रोमा ही हाड आणि कूर्चेची साधी, कॅन्सर नसलेली गाठ असते आणि सूक्ष्मदर्शकाखाली ती आणि ट्रेव्हर्स सारखेच दिसतात. ऑस्टिओकॉन्ड्रोमा सांध्यापासून लांब, ग्रोथ प्लेटच्या मागच्या भागातून उगवतो आणि ट्रेव्हर्स हाडाच्या टोकातून, सांध्यात. फरक जागेवरून ठरतो, पेशींवरून नाही. निदान एक्स-रे आणि एमआरआयचं असतं. रिपोर्टवर आणि डिस्चार्ज कार्डावर वेगवेगळी नावं दिसली तर विमा कंपनीही विचारते, म्हणून डिस्चार्ज समरीत हा एक खुलासा लिहून घ्या.

एकूण बिल एक लाख साठ हजारांच्या आसपास. परताव्यासाठी लागलेलं: क्लेम फॉर्मचा आमचा भाग आणि रुग्णालयाने भरायचा भाग, मूळ डिस्चार्ज समरी, तपशीलवार बिल, पावत्या, औषधांची बिलं त्या-त्या चिठ्ठीसह, सगळे रिपोर्ट, रद्द केलेला चेक. पॉलिसीत दिलेली मुदत पाहून त्याआधी जमा केलं, पोच घेतली आणि सगळ्याच्या झेरॉक्स ठेवल्या. आणखी दोनदा विचारणा झाली. जुलैअखेरीस बहुतेक रक्कम आली. हातमोजे, कापूस वगैरे वापराच्या वस्तूंचे पैसे कापले.

घरी आणताना लोकलचा प्रश्नच नव्हता, भाड्याची गाडी केली. ऑक्टोबर २०२४ पासून आनंदनगरच्या नाक्यावर छोट्या गाड्यांचा टोल नाही, तेवढाच दिलासा. तीन आठवडे प्लास्टर आणि पाय जमिनीला टेकवायचा नाही. मे महिन्यातला ठाण्याचा उकाडा आणि पायाला प्लास्टर. खाज सुटली की तो कळवळायचा. आत पट्टी किंवा सुई घालू देऊ नका, जखम होते. हेअर ड्रायरचा थंड झोत वरून सोडला की बरं वाटायचं. पाय उशीवर उंच ठेवला की ठणका कमी व्हायचा. अंघोळीला प्लास्टिकची खुर्ची आणि पायावर मोठी पिशवी.

प्लास्टर निघालं तेव्हा पोटरी बारीक झालेली बघून मला धसका बसला. ते सगळ्यांचंच होतं आणि भरून येतं. फिजिओथेरपी घराजवळच केली, एका वेळचे पाचशे रुपये. ताईंनी त्याला पायाच्या अंगठ्याने हवेत मुळाक्षरं काढायला लावली. अ पासून ज्ञ पर्यंत, सकाळ-संध्याकाळ. पहिल्या आठवड्यात क काढतानाच तो रडायचा. जून संपता संपता क्ष काढून दाखवला आणि सासूबाईंनी त्या दिवशी शिरा केला. शाळा सुरू झाली तेव्हा तो वॉकर घेऊन गेला. महिन्याभरात वॉकर सुटला. ऑगस्टमध्ये तो माझा हात न धरता तलावपाळीची एक पूर्ण फेरी चालला.

जानेवारी २०२६ च्या एक्स-रेमध्ये सांधा मोकळा आहे. ठेवलेल्या भागाजवळ एक छोटी सावली मात्र आहे. ती वाढते की तिथेच राहते हे जुलैमध्ये कळेल. टाचेचा झुकाव कमी झाला आहे, पूर्ण गेलेला नाही. तो वाढायला लागला तर नडगीच्या आतल्या बाजूच्या ग्रोथ प्लेटवर धातूची एक छोटी पट्टी बसवून त्या बाजूची वाढ तात्पुरती रोखता येते, म्हणजे बाहेरची बाजू तिला गाठते आणि घोटा हळूहळू सरळ होतो. हे वाढ शिल्लक असेपर्यंतच करता येतं, म्हणून दर सहा महिन्यांची तारीख आम्ही चुकवत नाही. सध्या त्याला सायकल आणि पोहायला परवानगी आहे, खो-खो जुलैच्या एक्स-रेनंतर. त्याने मॅडमना स्वतःच विचारून घेतलं आहे.